होरेसचं गाव वेनोसा : दक्षिण इटलीच्या डोंगरातले दिवस

वेनोसा हे गाव आपल्या नेहमीच्या इटली टूरमध्ये नसतंच. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसाचा मनोरा आणि परत, असा ठरलेला फेरा असतो, दक्षिणेला कुणी गेलंच तर नेपल्स आणि पॉम्पेईपर्यंत. वेनोसा त्याच्याही पलीकडे आहे, बाझिलिकाता नावाच्या प्रांतात, वुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या शेजारी, साधारण चारशे मीटर उंचीवर, दोन्ही बाजूंना खोल घळी आणि मधल्या सपाट माथ्यावर गाव. आम्ही गेलो ते बाबांमुळे. त्यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, हॅनिबल, म्हणजे रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती, हा त्यांचा वर्गात शिकवायचा अत्यंत आवडता माणूस, आणि मला होरेस हा रोमन कवी आवडतो, त्याचा जन्म वेनोसाचा. दोघांचं एकाच गावात जमत होतं. मी, नवरा आणि बाबा, ऑक्टोबरच्या शेवटी.

व्हिसा, विमान वगैरे सगळं नीट झालं त्यामुळे त्यावर लिहीत नाही. एवढंच सांगते की बारीला उतरा आणि गाडी भाड्याने घ्या. या भागात ट्रेन आणि बसच्या भरवशावर राहिलात तर निम्मी ठिकाणं सुटतील. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्यायचं, आणि डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं.

पहिला दिवस : बारी, कान्ने, वेनोसा

बारीहून थेट वेनोसाला दीडएक तासात पोचता येतं, पण आम्ही मुद्दाम बार्लेत्ताच्या बाजूने वळून कान्नेला थांबलो. इसवी सन पूर्व २१६, २ ऑगस्ट. हॅनिबलने इथे रोमच्या प्रचंड सैन्याला चारी बाजूंनी घेरून कापून काढलं. मेलेल्यांचे आकडे प्राचीन लेखक पन्नास हजाराच्या जवळपासपासून सत्तर हजारांपर्यंत देतात, म्हणजे कमीत कमी धरलं तरी एका दिवसात, हातातल्या शस्त्रांनी! आता तिथे एक टेकडी आहे, जुन्या वस्तीचे अवशेष, छोटं म्युझियम, एक उभारलेला खांब, आणि खाली ओफांतो नदीचं सपाट खोरं, द्राक्षं आणि ऑलिव्ह. वारा असा की बाबांची टोपी दोनदा उडाली. बाबा बराच वेळ खोऱ्याकडे बघत उभे होते आणि मग त्यांनी हाताने दाखवत दाखवत आम्हाला सगळी लढाई समजावली, रोमन पायदळ मध्ये कसं घुसलं, हॅनिबलची मधली फळी मुद्दाम कशी मागे सरकत गेली, दोन्ही बाजूंचं आफ्रिकी पायदळ कसं आत वळलं आणि घोडदळाने पाठ कशी बंद केली. शेजारी एक इटालियन जोडपं होतं, त्यांना मराठी अर्थातच कळत नव्हतं, पण ते शेवटपर्यंत ऐकत थांबले आणि जाताना बाबांशी हात मिळवून गेले.

कान्नेला थांबायचं कारण असं की वेनोसाची गोष्ट कळायला इथूनच जावं लागतं. वेनोसा म्हणजे तेव्हाचं व्हेनुसिया. इसवी सन पूर्व २९१ मध्ये रोमने सॅमनाइट लोकांकडून ते जिंकलं आणि तिथे आपली वसाहत टाकली. एका ग्रीक लेखकाने वीस हजार माणसं पाठवल्याचं लिहिलंय, बऱ्याच अभ्यासकांना तो आकडा फुगवलेला वाटतो, पण वसाहत मोठी होती हे नक्की. हेतू सरळ होता, शत्रूच्या मुलखाच्या तोंडावर आपली माणसं बसवायची. होरेसनेच पुढे लिहिलंय की आपण लुकानियाचे की आपुलियाचे हे आपल्यालाच ठाऊक नाही कारण व्हेनुसियाचा शेतकरी दोन्हीच्या सीमेवर नांगर धरतो.

आणि कान्नेच्या त्या दुपारी हरलेला कॉन्सल (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) वारो पन्नास-सत्तर घोडेस्वारांसह जिथे पळून गेला ते गाव हेच. नंतर वाट फुटेल तिकडे गेलेले साडेचार हजारांच्या आसपास सैनिक त्याच्यापाशी जमले. गावाने काय केलं, तर ही सगळी माणसं घराघरात वाटून घेतली. लिव्ही या रोमन इतिहासकाराने हिशोबच दिलाय: प्रत्येक घोडेस्वाराला कपडे आणि पंचवीस चांदीची नाणी, पायदळातल्या प्रत्येकाला दहा नाणी, ज्याच्याकडे शस्त्र नाही त्याला शस्त्र. हॅनिबल दोन-तीन दिवसांच्या अंतरावर बसलेला असताना! त्या वर्षी दक्षिण इटलीतली कितीतरी गावं त्याच्या बाजूला गेली, हे गेलं नाही.

संध्याकाळी वेनोसाला पोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. (समुद्रकाठच्या बारीत टीशर्टवर होतो, इथे स्वेटर आणि जॅकेट दोन्ही लागलं, बॅगेत ठेवाच.) गाडी जुन्या गावाबाहेर लावा, आतल्या गल्ल्यांमध्ये बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात, कॅमेरे असतात आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. आमचं राहायचं घर किल्ल्याजवळ होतं. घरमालकीण साठीच्या पुढची, इंग्रजी जवळपास शून्य, पण बाबांचं वय बघून तिने आधी हीटर लावला आणि मग चाव्या दिल्या.

दुसरा दिवस : उकरलेलं शहर आणि न संपलेलं चर्च

हा दिवस सगळ्यात भरगच्च. जुन्या गावाच्या टोकाला पायी गेलं की पुरातत्त्व पार्क लागतो आणि त्याला लागूनच सांतिस्सिमा त्रिनिताचा मठ. सकाळी लवकर जा, दुपारी एक ते चारच्या दरम्यान या भागात चर्च, दुकानं, सगळंच बंद होतं. म्युझियम आणि पार्कचं तिकीट आम्हाला एकत्रच मिळालं, आठवड्याच्या कुठल्या दिवशी काय बंद असतं ते मात्र आधी बघून जा.

पार्कमध्ये रोमन गावाचा एक तुकडा उघडा पडलाय. फरसबंदी रस्ता, दोन्ही बाजूंना घरांचे पाये, स्नानगृहांच्या खोल्या, त्यात फरशीखाली गरम हवा खेळवायला विटांचे बुटके खांब, एका खोलीत मोझेक. रस्त्यापलीकडे अँफिथिएटर, म्हणजे त्याचा लंबगोल आकार आणि खालचे काही भाग. मोठमोठे दगड गेले कुठे? तर शेजारी! मध्ययुगात मठाच्या साधूंनी नवीन चर्च बांधायला घेतलं तेव्हा त्यांनी हे अँफिथिएटरच खाण म्हणून वापरलं.

ते चर्च म्हणजे इनकॉम्प्यूता, अर्थ अपुरं राहिलेलं. अकराव्या शतकाच्या शेवटाला किंवा बाराव्याच्या सुरुवातीला काम सुरू झालं, भिंती चढल्या, मोठाले खांब उभे राहिले, त्यांचे कोरीव माथेही बसले, आणि काम थांबलं ते कायमचं. छप्पर कधी पडलंच नाही. आत गवत, वर निळं आभाळ. मी इटलीत बरीच चर्च पाहिली आहेत पण इतका वेळ कुठेच थांबले नाही, कारण इथल्या भिंती वाचता येतात. अगदी शब्दशः. रोमन शिलालेख जसेच्या तसे उचलून भिंतीत बसवलेत, काही आडवे, काही उलटे. एका दगडावर सगळ्या कुटुंबाचे चेहरे ओळीने कोरलेत, कुणाच्या तरी थडग्यावरचे असणार. गायस साल्व्हियस कापितो नावाच्या माणसाच्या ग्लॅडिएटर-तालमीचा लेख आहे, पट्टीच्या लढवय्यांची नावं आणि कोण कुठल्या प्रकारात लढायचा त्याची नोंद. रोममधल्या कोलोसियमला रोज हजारो लोक जातात पण तिथे लढून मेलेल्या एखाद्याचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येईल? इथे एका लहान गावात ती नावं हाताच्या अंतरावर आहेत.

आणि त्याच भिंतींमध्ये हिब्रू अक्षरांचे दगड. नवव्या शतकातल्या इथल्या ज्यू लोकांच्या थडग्यांचे. म्हणजे रोमन, ज्यू, ख्रिश्चन, सगळ्यांचे मेलेले एकाच भिंतीत. बाबा म्हणाले, "अगं, आपण याला मोडतोड म्हणू, पण यांनी चुन्याच्या भट्टीत घातले असते तर एकही अक्षर राहिलं नसतं." त्यांचं बरोबर आहे. इटलीत संगमरवराचे किती शिलालेख आणि पुतळे भाजून चुना केला गेला त्याला गणती नाही. इथे भिंतीत गेले म्हणून वाचले.

शेजारचं जुनं चर्च चालू आहे. त्यात नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार आणि त्याच्या भावांची कबर आहे. हे नॉर्मन फ्रान्सच्या उत्तरेकडून नशीब काढायला आलेले, आणि शंभर वर्षांच्या आत सगळ्या दक्षिण इटलीचे मालक झाले. गिस्कार १०८५ मध्ये केफालोनिया बेटावर मोहिमेत मेला आणि त्याला इथे आणून पुरलं. समोर त्याच्या पहिल्या बायकोची, अल्बेरादाची, वेगळी कबर. तिच्यावरचा मजकूर मला फार आवडला. गिस्कारची पत्नी अल्बेरादा या पेटीत आहे, तिचा मुलगा शोधत असाल तर तो कानोसात आहे. बस, एवढंच. गिस्कारने तिला सोडून दुसरं लग्न केलं होतं, पण दगडावर ती त्याची बायकोच आहे, आणि पोराचा पत्ता दिलाय. आम्ही तिथेच ठरवलं की परत जाताना कानोसाला थांबायचं.

चर्चच्या दाराशी एक जुना खांब आहे, भिंतीच्या इतका जवळ की मधून जेमतेम माणूस जातो. हात धरून त्याला फेरी मारली की मैत्री टिकते असं म्हणतात. एक शाळेची सहल आली होती, पोरं एकमेकांचे हात धरून घुसत होती, त्यातल्या दोन मुलींनी बाबांना पण ओढलं आणि बाबा गेले सुद्धा.

जेवायची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाबा पूर्ण शाकाहारी. मी आधी फार काळजीत होते, पण बाझिलिकाता शाकाहाऱ्यांना मस्त आहे. "सेन्सा कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा आणि "पांचेत्ता" म्हणजे डुकराचे तुकडे घातलेत का तेही विचारा कारण कडधान्याच्या पदार्थात ते हळूच येतात. (जे चीझमधल्या रेनेटबद्दल काटेकोर आहेत त्यांनी वरून चीझ किसू नका असंही सांगावं.) दुपारी आम्ही लागाने ए चेची मागवलं, रुंद पट्ट्या कापलेला, अंडं न घातलेला पास्ता आणि छोले, लसूण, ऑलिव्ह ऑइल. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, ही तर वरणफळं! आता गंमत बघा, होरेस आपल्या रोममधल्या रोजच्या दिनक्रमाबद्दल लिहितो तेव्हा संध्याकाळी घरी जाऊन काय जेवतो, तर लीक, छोले आणि लागाना. दोन हजार वर्षांपूर्वी. पदार्थ नेमका तसाच होता असं कुणी म्हणणार नाही, तेव्हाचा लागाना बहुधा तळलेला किंवा भाजलेला असायचा, पण छोले आणि पिठाच्या पट्ट्या ही जोडी त्याच्या गावात अजून ताटात आहे. सोबत पेपेरोनी क्रुस्की, सेनीझे भागातल्या गोड लाल मिरच्या वाळवून तेलात क्षणभर तळतात, कुरकुरीत होतात, तिखट अजिबात नसतात. दोन पुडे घरी आणले.

तिसरा दिवस : होरेसचे वडील आणि चौदा वर्षांची फाउस्तिना

सकाळी पाऊस. किल्ल्यातलं म्युझियम केलं. किल्ला पिर्रो देल बाल्झो नावाच्या सरदाराने १४७० मध्ये बांधायला घेतला, आधीचं कॅथेड्रल पाडून. दारात दोन दगडी सिंह आहेत ते रोमन अवशेषांमधून उचललेले. आत वेनोसाची सगळी कहाणी क्रमाने लावलीय, सॅमनाइट मातीची भांडी, वसाहतीची नाणी, शिलालेख, पुढे ज्यू आणि ख्रिश्चन काळ. घाई करू नका, दोन तास सहज जातात.

मग गावातल्या चौकात होरेसचा पुतळा, १८९८ मधला. आणि गल्लीत "होरेसचं घर" म्हणून दाखवतात ती दोन-तीन खोल्यांची जागा, जी खरं म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं स्नानगृह आहे, होरेसनंतर शंभराहून जास्त वर्षांनी बांधलेलं. तरी जा. गाव त्याला किती आपलं मानतं ते तिथे कळतं.

होरेसचा जन्म इसवी सन पूर्व ६५, ८ डिसेंबर. वडील आधी गुलाम होते, मग मुक्त झालेले. ते गुलाम कसे झाले असतील याबद्दल काही अभ्यासकांचा एक तर्क आहे. इसवी सन पूर्व ९१ मध्ये इटलीतल्या मित्र-जमातींनी रोमविरुद्ध बंड केलं, आम्ही तुमच्यासाठी लढतो तर आम्हाला नागरिकत्व द्या म्हणून. रोमच्या लॅटिन वसाहतींपैकी एकच गाव बंडखोरांच्या बाजूला गेलं, आणि ते वेनोसा. ज्यांनी कान्नेनंतर रोमच्या सैनिकांना घरात घेतलं त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं! इसवी सन पूर्व ८८ मध्ये रोमन सेनापती मेतेल्लस पायसने गाव परत घेतलं आणि तीन हजारांवर माणसं कैद केली. होरेसचे वडील त्या कैद्यांपैकी असतील का, असा तो तर्क. पुरावा नाही, पण तारखा जुळतात, आणि मला ते वाचल्यापासून हे गाव वेगळंच दिसायला लागलं.

वडिलांकडे थोडी शेती होती आणि लिलावात पैसे गोळा करायचं काम. गावात फ्लाव्हियस नावाच्या मास्तरांची शाळा होती, तिथे मोठ्या सेंच्युरियनांची (रोमन सैन्यातल्या तुकडीप्रमुखांची) मोठी पोरं डाव्या हाताला पाटी आणि दप्तर लटकवून जायची. वडिलांनी पोराला तिथे घातलंच नाही. सरळ रोमला नेलं, सरदारांच्या मुलांबरोबर शिकवलं, आणि स्वतः त्याच्याबरोबर प्रत्येक मास्तरांकडे जायचे. होरेस मोठा कवी झाल्यावर लोक त्याला गुलामाचा पोर म्हणून टोचायचे, त्यावर त्याने लिहिलं की पुन्हा आईवडील निवडायची संधी मिळाली तरी मी दुसरे मागणार नाही. पुतळ्याखाली पावसात छत्री धरून मी हे बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पुतळ्याचा फोटो काढला. माझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या रानात मजुरी करून बाबांना शहरात शिकायला ठेवलं होतं, मला माहीत होतं ते कशाबद्दल गप्प आहेत.

पुढे होरेस सीझरला मारणाऱ्या ब्रुटसच्या बाजूने लढला, इसवी सन पूर्व ४२ मध्ये फिलिपीला हरला, आणि वडिलांचं घर-शेत गमावलं. जिंकलेल्यांनी सैनिकांना जमिनी द्यायला इटलीतली अठरा गावं आधीच ठरवून ठेवली होती, वेनोसा त्यात होतं. म्हणजे पुन्हा एकदा गावात बाहेरची माणसं वसवली जात होती आणि या वेळी निघायची पाळी होरेसवर होती.

दुपारी ज्यू कॅटाकोंब, म्हणजे जमिनीखालची दफनभूमी. मादालेना टेकडीत, गावाबाहेर. हे आधीपासून ठरवून ठेवा, रोज उघडं नसतं, गाईडबरोबरच आत सोडतात, आम्ही घरमालकिणीकडून काही दिवस आधी फोन करून घेतला होता. १८५३ मध्ये हे उजेडात आलं. मऊ दगडात कोरलेले बोळ, दोन्ही बाजूंना आणि जमिनीत थडग्यांचे कप्पे, रंगवलेला सात फांद्यांचा दिवा, आणि ग्रीक, लॅटिन, हिब्रू अशा तिन्ही लिप्यांमधले लेख, बरेचसे लाल रंगाने ओल्या गिलाव्यावर घाईत लिहिल्यासारखे. चौथ्या ते सहाव्या शतकातले. रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळत होतं त्या काळात इथे ज्यू समाज नांदत होता, नुसता नांदत नव्हता, त्यातली काही माणसं गावच्या कारभारात होती.

फाउस्तिनाचा लेख त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. चौदा वर्षं पाच महिन्यांची मुलगी, फाउस्तिनुसची लेक, आईवडिलांची एकुलती एक. तिच्यासाठी दोन अपोस्टल (म्हणजे दूत) आणि दोन रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) शोकगीत म्हटलं, आईवडिलांना तिने फार मोठं दुःख दिलं आणि शहराला अश्रू, असं लिहिलंय. पुढे आजोबा-पणजोबांची नावं, ते गावातले मोठे लोक होते म्हणून. लॅटिन अगदी बोलीतलं, शुद्धलेखनाची पर्वा नसलेलं, आणि मध्येच हिब्रू. गाईड तरुण होती, तिने तो मजकूर पाठ म्हटला. एका ज्यू मुलीसाठी "शहर रडलं" असं सहाव्या शतकाच्या आसपास कुणाला तरी लिहावंसं वाटलं, आणि पुढे युरोपात ज्यूंचं काय काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. मला तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ काही सुचत नव्हतं.

आत थंड आणि दमट असतं, बूट घट्ट तळव्याचे घाला.

चौथा दिवस : बान्झी, अचेरेन्झा, वुल्तुरे

पाऊस गेला आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. होरेसने एका कवितेत लहानपणीची गोष्ट सांगितलीय. वुल्तुरेवर खेळून दमून तो झोपला, रानातल्या पारव्यांनी त्याला ताज्या पानांनी झाकलं, साप आणि अस्वलांनी काही केलं नाही, आणि उंच अचेरेन्झाच्या घरट्यातले, बान्झीच्या रानातले, खालच्या फोरेन्तुमच्या सुपीक जमिनीतले सगळे लोक चकित झाले. त्याने दिलेली नावं म्हणजे आमचा दिवसाचा मॅपच झाला.

बान्झी पिटुकलं गाव. इथे पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन बघायची प्राचीन जागा सापडली, जमिनीत रोवलेले नऊ दगडी खुंट, तीन ओळींत, वर लॅटिन अक्षरं. कुठल्या दिशेने पक्षी आला की काय अर्थ, ते ठरवायला. या गावाच्या नावाचा कांस्याचा कायदेपट, एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला ऑस्कन भाषेत, नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे.

बान्झी आणि वेनोसाच्या मधल्या टेकड्यांमध्येच कुठेतरी इसवी सन पूर्व २०८ मध्ये रोमचा कॉन्सल मार्सेलस मारला गेला. हा तोच, ज्याने सिराक्यूज घेतलं आणि ज्याच्या सैनिकाने आर्किमिडीजला मारलं. दोन छावण्यांच्या मध्ये एक झाडीची टेकडी होती, साठीतला मार्सेलस थोडे घोडेस्वार घेऊन स्वतः पाहणीला गेला, झाडीत हॅनिबलचे लोक दबा धरून होते. हॅनिबलने प्रेताला मानाने अग्नी दिला पण त्याच्या बोटातली मोहोर ठेवून घेतली. वेनोसात "मार्सेलसची कबर" म्हणून एक जुना बांधकामाचा ठोकळा दाखवतात, तो नंतरच्या काळातला आहे. बाबांनी रस्त्यात तीन ठिकाणी गाडी थांबवायला लावली. नवरा एका शब्दाने कुरकुरला नाही.

अचेरेन्झा आठशे मीटरच्या वर, घाटाच्या वळणांवरून अचानक समोर येतं आणि होरेस त्याला घरटं का म्हणाला ते एका नजरेत कळतं. कॅथेड्रल बघा, तिथून दिसणारा मुलूख बघा, आणि वारा फार असतो म्हणून कान झाका.

परतताना वुल्तुरेच्या उतारावर अल्यानिको द्राक्षाची तोडणी चालू होती. हे द्राक्ष फार उशिरा पिकतं, बाकी इटलीची तोडणी आटोपल्यावर. आम्ही रस्त्याकडेला थांबून बघत होतो तर मळ्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बोलावून घेतलं, हातात एकेक घड दिला. काळे, लहान, जाड सालीचे, चव गोड आणि मागून तुरट. माती काळपट, ज्वालामुखीची. बाबांनी ती चिमूटभर घेऊन बोटांत चोळली, ते काकाही तशीच चोळून दाखवायला लागले, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि पाऊण तास शेतीवर बोलणं चाललं होतं.

रात्री बाबांनी एक गोष्ट काढली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी-मार्गदर्शकात भडोच बंदरात काय खपतं त्याची यादी आहे, त्यात दारू आहे आणि त्यातही इटलीची दारू पहिल्या पसंतीची. त्याच मजकुरात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांचा माल भडोचला येतो असं आहे. बाबा दरवर्षी मुलांना तेरचं म्युझियम दाखवायला न्यायचे. वेनोसावरून गेलेली व्हिया आपिया, हा रोमहून निघालेला जुना रोमन रस्ता, पुढे ब्रिंडिसी बंदराला मिळते, जिथून पूर्वेकडची जहाजं सुटायची. या रस्त्याचं दुसरं टोक त्यांनी आधी पाहिलं होतं, हे ते तीन वेळा म्हणाले.

(वेळ असेल तर मोंतिक्कियोची दोन तळी, ज्वालामुखीच्या विवरातली, इथून जवळ आहेत. आम्ही अंधार पडता पडता धावतपळत बघितली, अर्धा दिवस द्यायला हवा.)

शेवटचा दिवस : कानोसा

घरमालकिणीने निघताना बाबांना घरच्या ऑलिव्ह ऑइलची बाटली दिली. चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत चालत नाही.

बारीच्या वाटेवर कानोसा, प्राचीन कानुसियम. कॅथेड्रलला चिकटून एक छोटी पांढरी संगमरवरी इमारत आहे, पूर्वेकडच्या धाटणीची, कांस्याची दारं. तीच अल्बेरादाच्या मुलाची, बोहेमंडची कबर. पहिल्या क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात, अँटिओकचं राज्य मिळवलेला हाच. आत जमिनीत एक शिळा आणि त्यावर फक्त त्याचं नाव. आईच्या दगडावर दिलेला पत्ता नऊशे वर्षांनंतरही बरोबर आहे.

आणि कानोसाचीच आणखी एक बाई. कान्नेच्या रात्री दहा हजारांच्या आसपास रोमन सैनिक या गावात पोचले. गावाने त्यांना तटाच्या आत घेतलं पण खायला-ल्यायला काय देणार? बुसा नावाच्या एका श्रीमंत बाईने स्वतःच्या खर्चाने धान्य, कपडे आणि वाटखर्चाला पैसे दिले. युद्ध संपल्यावर रोमच्या सिनेटने तिचा सन्मान केला. लिव्ही पुढे म्हणतो की वेनोसाचे लोक त्या पंचवीस आणि दहा नाण्यांपर्यंत गेले त्यात चढाओढही होती, कानोसाच्या एका बाईपुढे आपलं अख्खं गाव कमी पडायला नको. बाबांनी हॅनिबल इतकी वर्षं शिकवला पण बुसा त्यांना ठाऊक नव्हती. बारीपर्यंत ते तिच्याबद्दलच बोलत होते, आणि एअरपोर्टवर बसून शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांनी तिच्यावर भला मोठा मेसेज लिहिला, त्याला अजून उत्तरं येतायत.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे, ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं. वेनोसात निदान तीन रात्री ठेवा. व्हिया आपिया २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलीय, त्यामुळे आठवडाभर असेल तर बेनेवेंतोची ट्रेजनची कमान, वेनोसा, तारांतो आणि ब्रिंडिसी असा रस्त्यारस्त्यानेच प्रवास करता येईल. आमचं ब्रिंडिसी राहिलंय. बाबांनी पासपोर्ट रिन्यूला टाकलाय.